ध्वनिफितीवरील हरिकथेचे शोधन

मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा जवळ आली की सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या या भागात थंडीबरोबरच एक निराळी लगबग सुरू होते. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्तप्रभूंची यात्रा भरते आणि घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. इकडे म्हसावदसारख्या गावांतून घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात, सायंकाळी मंदिरात हरिकीर्तन होते. दत्तजयंतीच्या कीर्तनाला निरूपणाचा विषय शोधावा लागत नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताचे चोवीस गुरू वर्षानुवर्षे पुरून उरले आहेत.

त्या चोविसांत एक कुमारी आहे. घरची माणसे बाहेर गेलेली असताना तिला मागणी घालण्यासाठी पाहुणे आले. त्यांच्या भोजनाकरिता ती आतल्या बाजूस साळी कांडू लागली, तो हातांतील कंकणे खणखणू लागली. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे पाहुण्यांच्या कानी जाईल, या लाजेने तिने एकेक करून कंकणे वाढवली. दोन दोन उरली, तरी नाद होतच राहिला. शेवटी प्रत्येक हाती एकच राहिले, तेव्हा तो थांबला. अवधूताने यातून एकांतवासाचा बोध घेतला आणि मीही आजवर श्रोत्यांना तोच सांगत आलो. यंदा मात्र त्या कथेतील एक बारकावा नव्याने ध्यानी आला. त्या मुलीने मनगट उघडे केले नाही. नको असलेला नाद जाईल इतकेच काढले, आणि एकेक कंकण राखले.

हे सुचण्याचे निमित्त झाले ते घरातील एका लाकडी पेटीचे. आमचे तीर्थरूप कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या पाच ध्वनिफिती, म्हणजे ज्यांना सर्वजण कॅसेट म्हणतात त्या, या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. त्यांतील १९८६ च्या दत्तजयंतीची फीत सर्वांत चांगली, आणि तीच पुनःपुन्हा वाजवली गेल्यामुळे सर्वांत अधिक झिजलेली. काही वर्षांपूर्वी मोठ्या शहरातील एका व्यावसायिकाकडे ती स्वच्छ करून घेण्यासाठी दिली होती. महिन्याभराने जी तबकडी हाती आली ती लावली आणि घरातील सर्वांचे चेहरे उतरले. खरखर गेली होती हे खरे. परंतु तिच्याबरोबर वडीलही गेले होते. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी बोलावे तसा आवाज. ‘श्रीपाद श्रीवल्लभ’ या नामातला शकार ऐकू येईना, आणि चिपळ्यांचा तर मागमूस नाही. मूळ फीत आम्ही आठवणीने परत मागून घेतली होती, एवढेच दैव.

यंदा श्रावणात माझा पुतण्या सुट्टीला घरी आला, तेव्हा त्याने ती पुन्हा हाती घेतली. त्याच्याजवळ पंधरा दिवस बसून जे पाहिले आणि समजले ते येथे मांडतो. कारण अशी पेटी माझ्या एकट्याच्याच घरी असेल असे नाही.

किंबहुना कीर्तनाच्या बाबतीत ती घरोघरीच असायची, याला कारण आहे. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली झाला. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गायझबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. त्यात नाट्यपद बसले, अभंग बसला, भूपाळी बसली. परंतु नमन, पूर्वरंग, निरूपण, मध्यंतरीचा नामगजर, उत्तररंगातील आख्यान आणि अखेरची आरती एवढा विस्तार तीन मिनिटांत कसा बसावा? फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट काढली, पुढील दोन दशकांत ती खेडोपाडी पोचली, आणि तेव्हा कुठे सबंध कीर्तन यंत्रात साठवणे सामान्य गृहस्थाला शक्य झाले. तेही पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटताना निरूपणाचे एखादे वाक्य गमावून. गावोगावच्या हरिदासांची वाणी उरली असेल तर ती अशी, कोणा श्रोत्याने मांडीवर यंत्र घेऊन टिपलेली, कपाटाच्या तळाशी.

आता दोष कोणते ते पाहू. सामान्यतः आपण सगळ्यालाच खरखर म्हणतो, पण वैद्याने सगळ्याच दुखण्यांना ताप म्हणावे तसे ते आहे.

ध्वनिमुद्रिकेचा दोष तडतडीचा. फोडणीत मोहरी तडतडावी तसा. जुनी ध्वनिमुद्रिका लाखेची असे. ही लाख म्हणजे संस्कृतातील लाक्षा किंवा जतु. वारणावतात पांडवांसाठी जे जतुगृह रचले त्याच्याशी तिचे गोत्र जुळते. पळस, बोर, कुसुम या वृक्षांवरील सूक्ष्म कीटकांपासून ती मिळते. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून मुद्रिका दाबून काढीत. पोलादी सुई या दगडमिश्रित पन्हळीतून जाताना मूळचीच काही घरघर असते. त्यात ओरखडा किंवा धुळीचा कण आला की तड् असा ध्वनी उमटतो. तो सेकंदाच्या हजारांशात संपतो, पण कानाला काट्यासारखा बोचतो.

कॅसेटचा दोष सळसळीचा. दुरून येणाऱ्या पावसाच्या सरीसारखी ती अखंड चालते. फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद, आणि सरकण्याची गती सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारख्या द्रव्याचे असंख्य चुंबकीय कण बसवलेले असतात. आवाज मुद्रित होतो तो या कणांच्या रचनेतून, आणि सळसळ येते ती त्यांच्याच विस्कळीतपणातून. म्हणजे ज्या भूमीवर मूर्ती उभी त्याच भूमीची ती धूळ. तिसरा दोष गुंजनाचा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. मंडपातील जोडणी ढिली असली की तोच घुमारा ५०, १००, १५० अशा पटींनी फितीवर उतरतो. आमच्या भागातील विजेची अवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तिसऱ्या दोषाचे नवल वाटणार नाही.

संगणकात ध्वनी जातो तो अंकरूपाने. साधारणपणे सेकंदाला ४४,१०० वेळा त्याची मोजणी होते. तडतड काढायची तर काम त्यामानाने सोपे: बिघडलेली पाचपन्नास मापे शोधायची, आणि त्यांच्या आजूबाजूच्या निरोगी मापांवरून तेथे काय असावे याचा अंदाज करून ती जागा भरायची. फाटलेल्या धोतराला रफू करावे तसे. सळसळीला मात्र रफू चालत नाही, कारण ती एका जागी नसते. सबंध वस्त्राच्या विणीतच ती असते.

तिच्यासाठी पुतण्याने जी संगणक-आज्ञावली वापरली तिचे नाव ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये तिचे काम आरंभले आणि २००० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिला मोल पडत नाही. विद्यादान विनामूल्य करावे हा आपला दंडक परदेशातील गृहस्थांनी पाळलेला पाहून संतोष वाटला. तिची रीत अशी की प्रथम फितीवरील असा तुकडा दाखवायचा, जेथे गायन, वादन, भाषण काहीच नाही, फक्त सळसळ आहे. अर्धा-एक सेकंद पुरतो. यंत्र त्या तुकड्याचा स्वरनिहाय हिशेब मांडते आणि नंतर सबंध मुद्रणात जेथे जेथे आवाज त्या पातळीच्या खाली असेल तेथे तो दाबते.

येथेच कीर्तनाची पहिली अडचण उभी राहिली. कीर्तनात निःशब्द जागा असतेच कोठे? बुवा थांबले तरी तंबोरा चालू असतो. पुतण्याने प्रथम निरूपणातील एक विराम निवडला. बिचाऱ्याला ती शांतता वाटली. यंत्राने प्रामाणिकपणे तंबोऱ्याचा षड्ज-पंचम हाच दोष मानला आणि दीड तासाच्या कीर्तनातून तो उपसून काढला. वडिलांच्या गळ्यातीलही षड्ज पोकळ झाला! ज्या आधारावर गायन उभे तोच मळ ठरला. तंबोरा सुरू होण्यापूर्वीचा किंवा आरती होऊन तो खाली ठेवल्यानंतरचा तुकडाच या कामी घ्यावा, हा धडा आम्हाला त्या दिवशी मिळाला.

दुसरी अडचण मला व्यक्तिशः फार मनोरंजक वाटली. श, ष, स, ह या वर्णांना आपल्या शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी ऊष्म म्हटले आहे. माहेश्वर सूत्रांतही ते अखेरीस येतात. मुखात कोठेही पूर्ण अडथळा न होता वायू घासत बाहेर पडतो, म्हणून हे ऊष्म. आता घासत जाणारा वायू म्हणजे दुसरे काय? सळसळच. शकार-सकारांची शक्ती साधारण ४ ते ८ हजार आवर्तनांच्या आसपास एकवटलेली असते, आणि फितीची सळसळ कानाला सर्वांत अधिक जाणवते तीही त्याच प्रदेशात. यंत्राला व्याकरण ठाऊक नाही. त्याने शहरातल्या त्या तबकडीत ‘श्रीपाद’मधला शकार का गिळला, याचा उलगडा मला प्राचीन शिक्षाकारांच्या एका संज्ञेने झाला. तीच गत चिपळ्यांची. चिपळीचा आघात आणि ओरखड्याची तड्, दोन्ही क्षणिक आणि तीक्ष्ण. तडतड काढण्याची आज्ञा सरसकट चालवली की प्रथम बळी जातो तो चिपळ्यांचा आणि टाळेच्या काठाचा. आमच्या फितीवर तडतड नव्हतीच. ती आज्ञा तेथे चालवण्याचे कारणच नव्हते.

मग उपाय? उपाय त्या आज्ञावलीतच आहे. सळसळ कमी करण्याच्या चौकटीत ‘अवशेष’ ऐकण्याची एक खूण असते. तिच्यावर बोट ठेवले की शुद्ध झालेले मुद्रण ऐकू येत नाही. जे काढून टाकले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. पुतण्याने प्रथम सळसळ २४ डेसिबलने कमी करून पाहिली आणि मला अवशेष ऐकवला. त्यात सरीचा आवाज होता, आणि त्या सरीआड वडील अस्पष्टपणे कुजबुजत होते. फक्त श, स, ह, फक्त श्वास. अंगावर काटा आला. त्याने आकडा खाली आणला. १२ ला कुजबुज पुष्कळ कमी झाली, ८ ला अवशेषात केवळ पाऊस राहिला. तेथे आम्ही थांबलो. फितीवर थोडी सळसळ शिल्लक आहे, असू दे. दोन घटकांत कान तिला विसरतो. बाण घडवण्यात गढलेल्या शरकाराला शेजारून वाजतगाजत गेलेली राजाची स्वारी कळली नाही, तोही अवधूताचाच गुरू. श्रोत्यानेही थोडे काम करायचे असते.

ग्रंथशोधनाची ज्यांना सवय आहे त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ त, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या नकलांनी तिच्यात पाठांतरांची जी तडतड साचली होती ती त्यांनी दूर केली आणि पुढच्यांनी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. स्वतः महाकवी असून त्यांनी आपला एक शब्द तिच्यात मिसळला नाही. आपल्या काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केली. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी विचारात घेतली गेली. तिचे पान उघडून पाहावे: वर स्वीकारलेला पाठ, आणि खाली बारीक अक्षरांत नाकारलेले सारे पाठभेद. संपादकांनी टाकलेले काहीच जाळले नाही. चुकलो असू तर पुढच्याने तपासावे, हा त्यामागचा विनय. ‘अवशेष’ या बटणाचे कूळ मला त्या तळटीपांत दिसले.

ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही दंडक हाच आहे. मूळ मुद्रण संगणकावर घ्यावे ते कोणतेही शोधन न करता, सेकंदाला निदान ४८,००० मापांनी. ती प्रत तशीच जपावी आणि जे काही काढायचे ते तिच्या नकलेवर काढावे. लाखेच्या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाने मोठे काम केले आहे. त्याचे कार्यवाह सुरेश चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या बंद पडलेल्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिका ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने संगणकावर आणल्या. भंगारात आणि जुन्या बाजारात गेलेला माल निवडून आणणारी ही माणसे. त्यांना मी आधुनिक पोथीसंग्राहक म्हणेन.

अलीकडे आणखी एक प्रकार निघाला आहे, त्याविषयी सावध करणे भाग आहे. हजारो तासांचे बोलणे ऐकवून तयार केलेल्या कृत्रिम बुद्धीच्या आज्ञावल्या गोंगाट नुसता वजा करीत नाहीत. आवाज कसा असायला हवा हे त्या स्वतः ठरवतात आणि त्याप्रमाणे तो नव्याने घडवतात. बोलणे आरशासारखे लख्ख होते. पण पुतण्याने अशा एका आज्ञावलीतून निरूपणाचा तुकडा काढला, तेव्हा एका संस्कृत वचनात मुळात नसलेले अक्षर ऐकू आले. पोथीत याला प्रक्षेप म्हणतात. सहस्रांश सेकंदाचे रफूही तत्त्वतः प्रक्षेपच, हे मी नाकारीत नाही. पण धाग्याची डागडुजी वेगळी आणि परकी ओवी वेगळी.

घरच्या घरी हे करू इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो, कारण निम्मे शोधन संगणकापूर्वीच होते. कॅसेट पुष्कळ वर्षे पडून असेल तर लगेच वाजवू नये. एकदा पुढे आणि एकदा मागे सबंध गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. वाजवण्याच्या यंत्राचे शीर्ष मद्यार्काच्या बोळ्याने पुसावे. त्या शीर्षाशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरवून शीर्षाचा कोन फितीशी जुळवला तर दबलेला आवाज असा खुलतो की पुढील पुष्कळ खटपट वाचते. आमच्या फितीचे अर्धे यश त्या स्क्रूचे आहे. लाखेच्या ध्वनिमुद्रिकेला मात्र मद्यार्क चुकूनही लावू नये, लाख त्यात विरघळते. शुद्ध पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि मधला कागद कोरडा. शेजारच्या घरातील अशा एका मुद्रिकेची तडतड नुसत्या धुण्यानेच पुष्कळ उतरली. संगणकावर काम करताना आधी तडतड असल्यास ती, मग गुंजन, आणि सर्वांत शेवटी सळसळ. सळसळ अधिक ओरबाडली तर पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा एक नवाच नाद उमटतो. तो आला की आपण फार पुढे गेलो असे समजावे.

आता सळसळीचा नमुना म्हणून आम्ही कोणता तुकडा घेतला ते सांगायचे राहिले. तंबोऱ्यापूर्वीचा भाग उत्तम, म्हणून पुतण्या फितीच्या अगदी आरंभाशी गेला. यंत्राचे बटण कोणी तरी अंमळ लवकर दाबले होते. अकरा सेकंदांची जागा होती. शहरातल्या तबकडीत ती नव्हती. त्यांनी ती कापूनच टाकली होती आणि मुद्रण थेट नमनाने सुरू केले होते. इतकी वर्षे आम्हीही फीत लावली की तेवढा भाग पुढे सरकवत असू. पुतण्याने, तुकडा खरोखरच रिकामा आहे ना हे पाहण्यासाठी, आवाज पुष्कळ वाढवला.

सळसळ फार मोठी झाली. तिच्यामागे कोणी पाट सरकवला, एक मूल रडले. आणि मग यंत्रापासून काही अंतरावरून एक बाईमाणूस म्हणाले, “अगं, समईतलं तेल संपत आलंय. कुणी घालतंय का?”

आमच्या मातोश्री १९८९ मध्ये गेल्या. त्यांच्या आवाजाचे दुसरे मुद्रण नाही. पुतण्याने त्यांना पाहिलेलेही नव्हते, त्याने माझ्याकडे बघितले आणि विचारले, “काका, कोण हो हे?”

सळसळीचा नमुना आम्ही फितीच्या दुसऱ्या टोकाकडून घेतला. आरती आटोपून तंबोरा खाली ठेवल्यावरही फीत काही क्षण फिरत राहिली होती, ते क्षण त्या कामी आले. दत्तजयंतीच्या सायंकाळी मंदिरात माझे कीर्तन उभे राहण्यापूर्वी वडिलांचे नमन आणि पूर्वरंग ऐकवायचे ठरले आहे. शोधन झाले आहे ते नमनापासून पुढे. आरंभीच्या अकरा सेकंदांवर कोणतीही आज्ञा चालवलेली नाही. ते सळसळीसकट जसेच्या तसे ठेवले आहेत.